युरोपातील पर्यटन आणि प्रवाशांची सुरक्षितता : मुदखेड परिसरातील प्रवाशांच्या संदर्भात

सारांश :
जागतिकीकरणानंतरच्या काळात परदेश पर्यटन हे केवळ महानगरातील धनिक वर्गापुरते मर्यादित राहिलेले नाही. तालुक्याच्या गावातील निवृत्त शिक्षक, प्रगतिशील शेतकरी, व्यापारी व विद्यार्थी हेही युरोपचा प्रवास करू लागले आहेत. प्रस्तुत लेखात नांदेड जिल्ह्यातील मुदखेड व परिसरातून युरोपात जाणाऱ्या प्रवाशाला कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागते आणि त्या टाळण्यासाठी कोणती पूर्वतयारी आवश्यक ठरते, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : परदेश पर्यटन, सुरक्षितता, शेंगेन व्हिसा, प्रवास विमा, भारतीय दूतावास, मराठवाडा.

प्रस्तावना :
मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील महत्त्वाचे जंक्शन आहे. येथूनच आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. फुलशेतीसाठीही हा परिसर ओळखला जातो. त्यामुळे प्रवास ही गोष्ट या गावाला नवीन नाही. फुलांच्या टोपल्या, यात्रेकरू, सैनिक आणि शिक्षणासाठी बाहेर पडणारी मुले यांची ये-जा येथील फलाटाने नेहमीच पाहिली आहे. राज्याच्या कृषी विभागाने शेतकऱ्यांसाठी राबविलेल्या परदेश अभ्यास दौऱ्यांच्या योजनेत नेदरलँड, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांचा समावेश होता. फुले पिकविणाऱ्या शेतकऱ्याला आल्समीर येथील जगप्रसिद्ध पुष्पलिलावाचे आकर्षण वाटावे, हेही स्वाभाविकच आहे.

तथापि मुदखेडहून हैदराबाद किंवा मुंबईस जाणे आणि तेथून पॅरिस वा रोमला जाणे यांत केवळ अंतराचा फरक नाही. आपल्या मुलखात माणूस हरवला, आजारी पडला किंवा लुबाडला गेला, तर कोणीतरी पाव्हणा, गाववाला अथवा ओळखीचा दुकानदार मदतीस धावून येतो. येथील सुरक्षितता माणसांच्या ओळखीवर उभी असते. परक्या खंडात ही ओळख संपते आणि तिची जागा कागदपत्रे, विमा, दूरध्वनी क्रमांक आणि कायदा घेतात. हा बदल ज्याच्या ध्यानी येत नाही, तोच बहुधा अडचणीत सापडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. युरोप प्रवासातील प्रमुख धोक्यांचे स्वरूप समजून घेणे.
२. प्रवासापूर्वी करावयाच्या कागदोपत्री व आरोग्यविषयक तयारीचे महत्त्व स्पष्ट करणे.
३. संकटसमयी उपलब्ध असलेल्या साहाय्याची व त्याच्या मर्यादांची माहिती देणे.
४. मुदखेड परिसरातील प्रवाशांसाठी उपयुक्त सूचना मांडणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो द्वितीयक स्वरूपाच्या माहितीवर आधारलेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मराठी माणसाच्या युरोप प्रवासाला दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्यांनी आपल्या प्रवासाचा वृत्तान्त मराठीत लिहिला. त्याच्याही आधीची एक घटना सुरक्षिततेच्या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स या शहरी ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. हिंदू पद्धतीने दहनसंस्कार करण्यास त्या काळी इटलीत मुभा नव्हती. विशेष परवानगी मिळवून आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यविधी करावा लागला. त्या ठिकाणी १८७४ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले आणि पुढे जवळ बांधलेल्या पुलालाही 'त्या भारतीयाचा पूल' याच अर्थाचे नाव मिळाले.

राजाराम महाराजांसोबत ब्रिटिश अधिकारी होता, नोकरचाकर होते, द्रव्याची ददात नव्हती. तरीही परक्या भूमीवरील आजारपण आणि मृत्यूनंतरच्या विधींचा प्रश्न त्यांच्या परिवाराला चुकला नाही. आज विमानाने काही तासांत घरी परतता येते, रुग्णालये सुसज्ज आहेत. मात्र आजारपणाचा खर्च कोणी करायचा, पार्थिव मायदेशी कसे आणायचे, परवानग्या कोणी मिळवायच्या, हे प्रश्न आजही तेच आहेत. फरक इतकाच की, त्यांची उत्तरे आज आधीच तयार ठेवता येतात.

कागदपत्रांची तयारी :
युरोपातील २९ देशांनी मिळून शेंगेन क्षेत्र निर्माण केले आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी, तर बल्गेरिया व रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णत्वाने या क्षेत्रात सामील झाले. एकाच व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते. मात्र कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसांपेक्षा अधिक काळ राहता येत नाही. ब्रिटन व आयर्लंड हे देश या क्षेत्रात येत नाहीत. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा स्वित्झर्लंडला येण्याचा बेत असेल, तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा उपयोगाचा नाही. बहुप्रवेशी व्हिसा आणि ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा दोन्ही लागतात. ही बाब लक्षात न आल्यास प्रवासी मध्येच अडकून पडतो.

पारपत्र दहा वर्षांच्या आत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले असावे लागते. व्हिसासाठीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व तो निदान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. उन्हाळी सुट्यांच्या हंगामात मुलाखतीची तारीख मिळणेच कठीण असते. म्हणून ग्रामीण भागातील प्रवाशाने दोन-तीन महिन्यांचा अवधी हाताशी ठेवणे हिताचे ठरते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. त्यामुळे मुदतीपेक्षा एक दिवसही अधिक राहिल्यास ते आपोआप उघड होते आणि पुढील प्रवासाचे दार बंद होऊ शकते.

यात्रा कंपनीची निवड हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. आयुष्यभराची पुंजी किंवा निवृत्तीची रक्कम अशा सहलीवर खर्च होत असते. ओळखीच्या व्यक्तीच्या तोंडी शब्दावर रोख रक्कम देण्याची सवय येथे महागात पडते. सहलीचा लेखी तपशील, पक्की पावती, रद्द झाल्यास परताव्याच्या अटी आणि कंपनीचा नोंदणीकृत पत्ता यांवाचून पैसे देऊ नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. मुदखेडच्या प्रवाशाला त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पण पावतीच नसेल तर हा कायदाही फारसा उपयोगी पडत नाही.

प्रवास विमा :
शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरो रकमेचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तातडीचा उपचार, रुग्णालयातील वास्तव्य, मायदेशी परत आणण्याचा खर्च व मृत्यू या बाबी त्यात समाविष्ट असाव्या लागतात. अनेक प्रवासी याकडे व्हिसाची एक औपचारिकता म्हणून पाहतात आणि सर्वांत स्वस्त विमा घेऊन मोकळे होतात. खरी अडचण पूर्वीपासून असलेल्या आजारांची असते. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार लपवून घेतलेला विमा नेमक्या वेळी निरुपयोगी ठरतो, कारण दावा नाकारण्यास ते कारण पुरेसे असते. आजाराची माहिती अर्जात द्यावी, त्यासाठी थोडा अधिक हप्ता पडला तरी चालेल. रुग्णालयात दाखल होताच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळविणे बहुधा आवश्यक असते. हा क्रमांक प्रवाशाबरोबरच घरी राहणाऱ्या मुलांकडे वा भावांकडेही लिहून ठेवलेला असावा.

चोरी व फसवणूक :
युरोपात फिरणाऱ्या सामान्य पर्यटकाला मारहाण किंवा सशस्त्र लुटीपेक्षा पाकीटमारीचा धोका कितीतरी अधिक असतो. पॅरिसची भुयारी रेल्वे व आयफेल मनोऱ्याचा परिसर, रोमचे तेर्मिनी स्थानक, बार्सिलोनाचा ला रांब्ला हा रस्ता, प्रागचा चार्ल्स पूल ही ठिकाणे त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. १० एप्रिल २०१३ रोजी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या उपद्रवाच्या निषेधार्थ काम थांबविले आणि जगातील हे विख्यात संग्रहालय त्या दिवशी बंद राहिले. यावरून या समस्येची व्याप्ती ध्यानात येते.

या चोरांच्या काही पद्धती ठरलेल्या आहेत :
अ) हातात कागद व पेन घेऊन तरुण मुली सही मागतात. पर्यटक कागद वाचत असताना दुसरी व्यक्ती पिशवीत हात घालते.
आ) रस्त्यावर पडलेली अंगठी उचलून 'ही तुमची का' असे विचारले जाते व नंतर पैशांचा तगादा लावला जातो.
इ) मनगटावर जबरदस्तीने रंगीत दोरा बांधून त्याची किंमत मागितली जाते. आपल्याकडे मंदिरात धागा बांधून घेण्याची सवय असल्याने भारतीय प्रवासी सहज हात पुढे करतो.
ई) अंगावर काहीतरी सांडून ते पुसण्याच्या निमित्ताने जवळीक साधली जाते.
उ) साध्या वेषातील 'पोलीस' खोट्या नोटा तपासण्याच्या बहाण्याने पाकीट मागतात. खरा पोलीस रस्त्यात पर्यटकाचे पाकीट हातात घेत नाही. अशा वेळी पोलीस ठाण्यात येण्याची तयारी दाखविणे हाच उत्तम उपाय होय.

सकाळच्या न्याहारीच्या वेळी हॉटेलच्या दिवाणखान्यात ठेवलेले सामान, खुर्चीच्या पाठीला अडकविलेली पिशवी आणि टेबलावर ठेवलेला मोबाइल ही चोरांची आवडती लक्ष्ये असतात. पारपत्र, पैसे व कार्ड एकाच पिशवीत ठेवू नयेत. पारपत्र कपड्यांच्या आत, कमरेच्या वा गळ्यातील पिशवीत असावे. त्याच्या व व्हिसाच्या छायाप्रती निराळ्या ठेवून एक प्रत घरी द्यावी. मंगळसूत्रासह सोन्याचे दागिने घरीच ठेवण्याचा निर्णय स्त्रियांना मनाला लावून घेण्यासारखा वाटतो. मात्र मौल्यवान अलंकार चोरीस गेले तर विम्यातून ते क्वचितच भरून निघतात.

रस्ता व लोहमार्ग :
युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे रस्ता ओलांडताना प्रथम उजवीकडे पाहण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. तेथे प्रथम डावीकडे पाहावे लागते. नेदरलँडमध्ये सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग असून त्यावर वेगाने सायकली धावतात. छायाचित्र काढण्याच्या नादात त्या मार्गावर उभे राहणे हे अपघाताला निमंत्रण होय. ट्राम आवाज न करता जवळ येते, हेही ध्यानात ठेवावे. रेल्वेत मोठे सामान दाराजवळच्या जागेत ठेवून निश्चिंत बसू नये, गाडी स्थानकात थांबताच त्यावर लक्ष असावे. इटलीत अनेक स्थानिक गाड्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसल्यास दंड होतो.

आरोग्य व हवामान :
नांदेड परिसराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३६० मीटर आहे. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख हे सहलींच्या कार्यक्रमात हमखास असणारे ठिकाण ३,४५४ मीटर उंचीवर असून रेल्वेने एक-दोन तासांत तेथे पोहोचता येते. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. शरीराला जुळवून घेण्यास अवधी न मिळाल्याने डोकेदुखी, मळमळ, धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. हृदयविकार वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज वर जाऊ नये. वर गेल्यावर सावकाश चालावे, पाणी भरपूर प्यावे आणि त्रास वाढल्यास विलंब न लावता खाली यावे. 'एवढे पैसे भरले आहेत' हा विचार येथे घातक ठरतो.

युरोप म्हणजे केवळ थंडी, ही समजूतही दुरुस्त करावयास हवी. ऑगस्ट २००३ मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जण दगावले आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. तेथील अनेक घरांत व लहान हॉटेलांत वातानुकूलनाची सोय नसते. मराठवाड्यातील उन्हाची सवय असणाऱ्या माणसानेही दुपारी उन्हातान्हात रांगेत उभे राहताना सावध असावे.

औषधांच्या बाबतीत युरोपातील नियम कडक आहेत. प्रतिजैविके व इतर अनेक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळत नाहीत. नेहमीची औषधे संपूर्ण प्रवासाला पुरून थोडी उरतील इतकी, मूळ वेष्टनात व इंग्रजीतील चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असल्यास तेथील डॉक्टरांना पर्याय शोधता येतो. इन्सुलिन नेहमी हातातील पिशवीत ठेवावे. मध्य युरोप व भारत यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा व हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असल्याने मधुमेहींनी औषध व जेवणाचे वेळापत्रक आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

सीमेवरील निर्बंध :
नातेवाइकांसाठी पेढे, खव्याची मिठाई किंवा साजूक तूप नेण्याची आपली रीत आहे. परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे व रोपे यांसाठीही रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर व ड्युरियन एवढीच फळे त्यास अपवाद आहेत. म्हणजे अर्धापूरची केळी नेता येतील, परंतु आंबे नेता येणार नाहीत. परतताना ट्यूलिपचे कंद किंवा गुलाबाची कलमे आणण्याचा मोह फुलशेती करणाऱ्याला होणारच. मात्र भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आवश्यक परवाना व प्रमाणपत्र नसल्यास ती विमानतळावर जप्त होऊ शकतात. हा निर्बंध त्रासदायक वाटला तरी एका कंदातून आलेला रोग संपूर्ण शिवारातील फुलशेती उद्ध्वस्त करू शकतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

नांदेड हे शीख बांधवांचे पवित्र स्थान असल्याने आणखी एक सूचना येथे आवश्यक वाटते. भारतातील देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना ठरावीक लांबीची कृपाण बाळगण्याची मुभा आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात ती लागू नाही. त्यामुळे कृपाण सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवावी लागते.

संकटकाळ व शासकीय साहाय्य :
एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील बहुतांश विमानसेवा काही दिवस बंद पडली व लक्षावधी प्रवासी अडकले. अशा प्रसंगी युरोपीय संघाची २००४ ची २६१ क्रमांकाची नियमावली उपयोगी पडते. संघातील विमानतळावरून सुटणारे विमान रद्द झाल्यास वा फार उशीर झाल्यास जेवण व निवासाची सोय करणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि विशिष्ट परिस्थितीत २५० ते ६०० युरो भरपाईही मिळू शकते. नैसर्गिक संकटात भरपाई मिळत नसली तरी जेवण व निवासाचा हक्क कायम राहतो. हे ठाऊक नसल्याने प्रवासी स्वतःच्या खर्चाने राहतात.

याहून गंभीर प्रसंग २४ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्भवला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच दिवशी युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे गेलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांत मराठवाड्यातील मुलेमुलीही होती. १५ फेब्रुवारीलाच कीव्ह येथील भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरते देश सोडण्याचा विचार करण्याचा सल्ला दिला होता. परंतु विद्यापीठातील उपस्थितीची अट व महागलेली विमान तिकिटे यांमुळे अनेकांनी थांबणे पसंत केले. २६ फेब्रुवारीपासून 'ऑपरेशन गंगा' मोहिमेद्वारे पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या शेजारी देशांतून त्यांना परत आणण्यात आले. त्यासाठी विद्यार्थ्यांना आधी कडाक्याच्या थंडीत सीमेपर्यंत पोहोचावे लागले. १ मार्च रोजी खारकीव्ह येथे कर्नाटकातील एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. इकडे गावोगावचे पालक रात्ररात्र दूरध्वनीजवळ बसून होते. दूतावासाची सूचना म्हणजे कोरडी औपचारिकता नसते, हा या घटनेचा धडा आहे.

दूतावास काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हेही समजून घ्यावयास हवे. पारपत्र हरविल्यास पोलिसांकडील नोंदीच्या आधारे दूतावास भारतात परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र देतो. अटक झाल्यास १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमान्वये आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क प्रवाशाला आहे. परदेश मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'मदद' या संकेतस्थळावर कुटुंबीयांनाही तक्रार नोंदविता येते. मात्र रुग्णालयाचे देयक भरणे किंवा तेथील न्यायालयाचा निर्णय बदलणे हे दूतावासाचे काम नाही. तत्काळ मदतीसाठी संपूर्ण युरोपीय संघात ११२ हा एकच विनाशुल्क क्रमांक आहे. भारतातही हाच क्रमांक असल्याने तो लक्षात ठेवणे सोपे आहे.

निष्कर्ष :
१. युरोप प्रवासातील बहुसंख्य अडचणी हिंसेतून नव्हे, तर अपुरी माहिती, गर्दीतील बेसावधपणा व आजार लपविण्याच्या वृत्तीतून उद्भवतात.
२. विमा ही व्हिसाची औपचारिकता नसून परक्या देशातील प्रवाशाचा मुख्य आधार आहे.
३. स्वदेशातील सामाजिक ओळखीचा आधार परदेशात नसल्याने कागदपत्रे व संपर्क क्रमांक यांचे महत्त्व वाढते.
४. दूतावासाच्या सूचना वेळीच पाळल्यास मोठे संकट टळू शकते.

सूचना :
१. प्रवाशाने पारपत्र, व्हिसा, विमा, तिकिटे व निवासाच्या पत्त्यांचा एक संच घरातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावा.
२. संबंधित देशातील भारतीय दूतावासाचा क्रमांक मोबाइलमध्ये व कागदावरही लिहून ठेवावा, कारण मोबाइल चोरीस जाऊ शकतो.
३. ज्येष्ठ नागरिकांनी प्रवासापूर्वी संपूर्ण वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.
४. परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पोहोचताच दूतावासाकडे नोंदणी करावी.
५. महाविद्यालये व कृषी संस्थांनी परदेश दौऱ्यापूर्वी एक दिवसाचे मार्गदर्शन शिबिर आयोजित करावे.

समारोप :
दीडशे वर्षांपूर्वी एका तरुण मराठी छत्रपतीची रक्षा आर्नोच्या पाण्यात मिसळली, तेव्हा कोल्हापूरला ती वार्ता पोहोचेपर्यंत काही करण्यासारखे उरले नव्हते. आज मुदखेडच्या फलाटावरून निरोप घेणारा माणूस त्याच दिवशी दुसऱ्या खंडातून घरी बोलू शकतो. साधने वाढली आहेत. त्यांचा उपयोग करण्याची शिस्त मात्र प्रवाशाला स्वतःच अंगी बाणवावी लागते. प्रवासाचा आनंद आणि सावधपणा यांत विरोध नाही. घरच्यांना निर्धास्त ठेवून निघालेला प्रवासीच खऱ्या अर्थाने मोकळ्या मनाने जग पाहू शकतो.